तेलाच्या टाक्यांच्या गावचा बारमधला बँड, आणि आपलं सोलापूर

रेल्वेलाईन्स (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

महिनाभर माझ्या डोक्यात एकच बँड बसलाय. इंग्लंडमधला, नाव 'डॉ. फीलगुड'. इथे रॉक ऐकणारे बरेच आहेत, पण हे नाव कुणी काढलेलं मला आठवत नाही. आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे मी कुठल्या बाजूने ऐकतोय ते कळेल. १९८६ ते १९९९ मी सोलापुरात ऱ्हिदम गिटार वाजवली. लग्नं, गणपती, जयंत्या, आणि शेवटची पाच वर्षं परमिट रूम आणि गार्डन हॉटेलं. आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव लिहीत नाही, कारण बाकीच्या साथीदारांना विचारलेलं नाही.

तर हा बँड. थेम्स नदी समुद्राला मिळते तिथे, लंडनपासून साधारण ५० किलोमीटरवर कॅनव्ही आयलंड नावाचं बेट आहे. जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, भोवती बांध. ३१ जानेवारी १९५३च्या रात्री समुद्र आत घुसला आणि एकट्या त्या बेटावर ६०च्या आसपास माणसं गेली. तिथे तेलाच्या टाक्या, शेजारच्या किनाऱ्यावर रिफायनऱ्या. १९७१ साली या गावात चार पोरांनी बँड काढला. ली ब्रिलो गायचा आणि माउथ ऑर्गन वाजवायचा. विल्को जॉन्सन गिटारवर, जॉन स्पार्क्स बेसवर. ड्रमवर जॉन मार्टिन, त्याला सगळे 'बिग फिगर' म्हणत. विल्को त्याच बेटावर जन्मलेला, पुराच्या वेळी पाच वर्षांचा. कॉलेज झाल्यावर तो जमिनीच्या वाटेने थेट आपल्या भारतात येऊन गेला होता, आणि नंतर काही काळ शाळेत इंग्रजी शिकवायचा.

त्या काळात रॉक फार मोठं झालं होतं. वीस-वीस मिनिटांची गाणी, ट्रकभर सामान, स्टेडियम. हे चौघं साध्या सुटात उभे राहायचे आणि दोन-तीन मिनिटांत गाणं संपवायचे. लीचा पांढरा कोट तर इतका मळलेला असायचा की तो कोटच प्रसिद्ध झाला. १९७३ मध्ये ते लंडनच्या पबांत वाजवायला लागले. रात्री तिथे वाजवायचं आणि परत बेटावर यायचं. पबमधल्या अशा बँडांची तेव्हा एक लाटच आली होती, तिला पब रॉक म्हणतात. पण लंडनवाल्यांत आणि यांच्यात फरक होता. हे गाव सोबत घेऊन यायचे.

जानेवारी १९७५ मध्ये पहिली रेकॉर्ड आली, 'डाऊन बाय द जेट्टी'. मुखपृष्ठ काळं-पांढरं, चौघं कॅनव्हीच्या पाण्याकाठी उभे. रेकॉर्डिंगही मोनो, म्हणजे स्टिरिओ नाही, सगळा आवाज एकत्र. त्याच वर्षी दुसरी रेकॉर्ड आली. तिसरी १९७६ची, 'स्टुपिडिटी', पूर्णपणे कार्यक्रमात रेकॉर्ड केलेली, आणि ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. बारमध्ये वाजवणाऱ्यांची, लोकांसमोर वाजवलेली रेकॉर्ड, देशात पहिली! मी हे वाचलं तेव्हा उठून दोन फेऱ्या मारल्या घरात.

पुढच्याच वर्षी, चौथ्या रेकॉर्डच्या वेळी, विल्को बाहेर पडला. एका गाण्यावरून भांडण झालं. तो शेवटपर्यंत म्हणायचा मला काढलं, बाकीचे म्हणायचे तो गेला. गाणी लिहिणारा तोच, त्यामुळे सगळ्यांना वाटलं बँड संपला. लीने संपू दिला नाही. नवा गिटारवाला घेतला, १९७९ मध्ये एक गाणं पहिल्या दहात गेलं. १९८२ मध्ये स्पार्क्स आणि बिग फिगरही थांबले, तरी ली फिरतच राहिला. वर्षातले बहुतेक महिने रस्त्यावर. मोठं यश परत आलं नाही, अमेरिकेत तर कधी जमच बसला नाही. जानेवारी १९९४ मध्ये, कॅन्सरने खंगलेला असताना, त्याने कॅनव्हीवरच्याच एका बारमध्ये शेवटचं वाजवलं. ७ एप्रिल १९९४ला गेला. वय ४१.

मला बोलायचंय ते या मधल्या वर्षांबद्दल. बँडबद्दल लिहिणारे सगळे १९७५ ते ७७ लिहितात आणि थांबतात. पण १९७७ ते १९९४ ही सतरा वर्षं हाच माणूस रोज संध्याकाळी कुठल्या तरी गावात सामान उतरवत होता, वायरी जोडत होता, आणि ३०० माणसांसमोर तेच गाणं तितक्याच जोराने म्हणत होता. मी १३ वर्षं वाजवलं. मला माहीत आहे की पहिल्या क्रमांकापेक्षा हे अवघड आहे. आपल्या गावात असे कितीतरी लोक होऊन गेले आणि त्यांचं कुठेही काही लिहिलेलं नाही. म्हणून धागा. तुम्ही वाजवलं असेल, ऐकलं असेल, तर लिहा.

---

ताशा_तर्री

रेल्वेलाईन्स, तू कोण ते मी ओळखलं बे! नाव नाही घेत. मी तुमच्या मागे तीन सीझन ड्रम वाजवलाय, तुमचा नेहमीचा माणूस आजारी पडायचा तेव्हा.

फीलगुड ऐकला आत्ता. बिग फिगर काय वाजवतो मालक. एक फिल (ठेक्यामधला भरणा) जास्तीचा नाही. बारमध्ये असाच ड्रम लागतो. खोली लहान, छत खाली, झांज जरा जोरात पडली की पहिल्या टेबलवाला वळून बघतो.

---

एक_वाचक

माफ करा, पण मला यात एवढं कौतुक करण्यासारखं दिसलं नाही. मी तीन-चार गाणी ऐकली. तीन कॉर्ड आहेत. हे सगळं अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी शिकागोमध्ये वीस वर्षं आधी वाजवून ठेवलेलं. इंग्लंडच्या गोऱ्या पोरांनी ते उचललं. आणि आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनीही आयुष्यभर दुसऱ्यांचीच गाणी वाजवली. त्याला करिअर म्हणावं का?

---

रेल्वेलाईन्स

एक_वाचक, तुमचं पहिलं म्हणणं खरं आहे आणि ते चौघंही ते लपवत नव्हते. सुरुवातीला ते जुनी अमेरिकन गाणीच वाजवायचे. बँडचं नावसुद्धा तिकडच्याच जुन्या गाण्यावरून. हे संगीत जिथलं मानतात त्या मिसिसिपीच्या डेल्टावरून ते आपल्या चिखलाच्या खाडीला 'थेम्स डेल्टा' म्हणायचे. पण विल्कोने पुढे त्याच तीन कॉर्डांत स्वतःचं गाव घातलं. पहाटे पेटलेले रिफायनरीचे मनोरे त्याच्या गाण्यात आहेत. जेट्टी आहे. शिकागोच्या माणसाला ते सुचणार नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी गप्प होतो. आम्ही एकच गाणं स्वतःचं केलं होतं. गिरणीच्या भोंग्यावर. तुम्हाला माहीत आहे, सोलापुरात भोंग्यावर घड्याळ लावायचे, भोंग्यावर चूल पेटायची. जुनी गिरणी १८७७ची. माझे आजोबा तिथे साच्यावर, वडील रेल्वेत. गिरण्या एकेक बंद होत गेल्या त्या काळातलं ते गाणं. चाल माझी, शब्द आमच्या बेसवाल्याचे. चार वेळा वाजवलं. एकदा पुणे रोडवर वाजवलं तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरचे एक वयस्कर गृहस्थ उठून आमच्यापर्यंत आले. म्हणाले, मी वाइंडिंगला (गिरणीतल्या सूत गुंडाळायच्या खात्यात) होतो, परत म्हणा. आम्ही परत म्हटलं. हॉटेलच्या मॅनेजरने दुसऱ्या दिवशी सांगितलं की लोक दुःख विसरायला येतात, असलं नको. आम्ही ऐकलं. ते ऐकायला नको होतं, असं मला आज वाटतं. बेसवाला आता नाही. शब्दांची वही त्याच्या घरी शोधली, मिळाली नाही. मला दोन कडवी पाठ आहेत.

---

काळी_पाच

दादा, ती दोन कडवी इथे टाका. गेली तर गेली.

मी तुमच्या काळातली गायिका. पूर्व भागात राहायची, घरी तेलुगू, शाळा मराठी, शेजारी कन्नड. म्हणून ऑर्केस्ट्रावाल्यांना मी हवी असायची. सोलापुरात एका रात्रीत चार भाषांची फर्माईश येते हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून पटत नाही. अशोक चौकाकडचं लग्न असलं की पहिली दोन गाणी तेलुगू झालीच पाहिजेत, तरच मांडव हलतो. अक्कलकोट रोडला कन्नड. १४ एप्रिलच्या आसपास भीमगीतं, आणि ती अशी म्हणायची की बाई लोकांनी टाळ्या वाजवायच्या आत सोबत म्हणायला लागलं पाहिजे. या भाषा बदलताना वादकांना पट्टी तीच ठेवून ठेका बदलावा लागतो. ते कसब कुठल्या परीक्षेत मोजतात? एक_वाचक यांनी विचारलं करिअर म्हणावं का. मी त्यावर दोन धाकट्या भावांची शिक्षणं केली. मी म्हणते.

बारबद्दलही लिहिते, कारण बायकांच्या बाजूने कुणी लिहीत नाही. मी परमिट रूममध्ये चार वर्षं गायले. साडी, खुर्चीवर बसून, समोर वही. जुनी हिंदी गाणी, गझला. आठ ते साडेदहा. मालक वडीलधारे होते, माझी रिक्षा त्यांनी ठरवून दिलेली, रोज तोच रिक्षावाला, दारात सोडायचा. एकाही गिऱ्हाइकाने कधी वेडंवाकडं बोललं नाही. म्हणजे बोलणारे होते, पण वेटर पोरंच त्यांना बाहेर काढायची. मी ते १९९८ला लग्नानंतर सोडलं.

मग २००५ मध्ये सरकारने डान्स बार बंद केले. तो कायदा नाचावर होता, गाण्यावर नव्हता. आणि आमच्याकडे नाच कधी नव्हताच. पण त्या वर्षी टीव्हीवर रोज तेच चालू, आणि माझ्या सासरच्या एका लग्नात एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ही पण बारमध्येच गायची ना. मी काही बोलले नाही. घरी येऊन वह्या ट्रंकेत ठेवल्या. पुढे २०१३ला सुप्रीम कोर्टाने ती बंदी टिकणार नाही असं सांगितलं, पण ट्रंक काही मी उघडली नाही. हा धागा वाचून काल उघडली. सात वह्या आहेत. प्रत्येक गाण्यावर पट्टी लिहिलेली, आणि कोपऱ्यात हॉटेलचं नाव आणि तारीख.

---

जुळेसोलापूर२६

ताई, 🙏. त्या वह्यांचे फोटो काढून ठेवा प्लीज. कागद टिकत नाही.

---

कन्नाचौक

आमच्या घरात तीन पिढ्या ब्रास बँड. मी चौथा, मी मात्र यंत्रमागावर. क्लॅरिनेट वाजवतो पण घरच्यापुरतं.

धागाकर्त्यांनी एक गोष्ट लिहिली नाही, ती मी शोधून वाचली. ली ब्रिलो गेल्यावरही 'डॉ. फीलगुड' नावाने बँड चालू आहे. सुरुवातीच्या चौघांतला एकही नाही, तरी चालू आहे. इंग्लिश लोक यावर फार वाद घालतात असं दिसलं, की मूळ माणूस नाही तर नाव लावू नये.

मला यात वाद काय तेच कळत नाही. तमाशाचा फड घ्या. सोंगाड्या जातो, ढोलकीवाला जातो, फडमालक म्हातारा होतो, मुलगा किंवा मुलगी पुढे येते, पाटीवर नाव तेच. भजनी मंडळाचं तेच. आमच्या बँडचं नाव पणजोबांनी दिलेलं. आज वाजवणाऱ्यांत आमच्या रक्ताचा एकच माणूस आहे, बाकी सगळे बाहेरून शिकून आलेले. लग्नाला लोक नावावर येतात आणि वाजवण्यावर परत येतात. नाव म्हणजे बोली आहे: या नावाने आलात तर अशा दर्जाचं ऐकायला मिळेल. तो दर्जा राखला तर नाव लावावं. ज्या दिवशी राखता येत नाही त्या दिवशी मूळ चौघं असले तरी उतरवावं.

---

एक_वाचक

कन्नाचौक, इथे मी असहमत आहे. फडात गाणी परंपरेची असतात, कोणा एकाची नसतात. विल्कोने गाणी लिहिली, आवाज त्याच्या गिटारचा. तो गेल्यावर मागे राहिलेल्यांनी त्याच्याच गाण्यांवर पोट भरलं. आपल्याकडे कारखान्यात दोन भागीदार फुटले तर माग वाटून घेतात. इथे वाटणी कशी झाली?

काळी_पाच ताई, तुमचं वाचून मी माझं वाक्य मागे घेतो. करिअरच आहे ते.

---

रेल्वेलाईन्स

वाटणी अशी, की गाण्याच्या लेखनाचे पैसे लिहिणाऱ्याला मिळत राहतात, मग वाजवणारा कुणीही असो. त्यामुळे लीने विल्कोचं गाणं म्हटलं तरी विल्कोचा वाटा बुडत नव्हता. बँडांमध्ये भांडणं होतात त्याचं एक मोठं कारण हेच आहे. गाडी चौघं ढकलतात, सामान चौघं उचलतात, आणि वर्षाअखेरीला एकाच्या घरी जास्त पैसे जातात. कुणाचीच चूक नसते. आमच्याकडे तसा प्रश्नच नव्हता, सुपारीचे पैसे त्याच रात्री गाडीत बसून मोजून वाटायचे. १९९५ च्या आसपास मला रात्रीचे दीडशे मिळायचे, गायकाला थोडे जास्त.

आणि लीबद्दल एक सांगायचं राहिलं. १९७६ मध्ये त्याच्या ओळखीच्या दोघांना छोटी रेकॉर्ड कंपनी काढायची होती, त्याने ४०० पौंड उसने दिले. ती 'स्टिफ रेकॉर्ड्स'. ब्रिटनमधली पंकची, म्हणजे त्या वेळच्या नव्या खडबडीत, वेगवान रॉकची, पहिली सिंगल (छोटी रेकॉर्ड) त्याच वर्षी तिथूनच निघाली. स्वतः बारमध्ये वाजवणारा माणूस पुढच्या पोरांना पैसे देतो, हे मला पहिल्या क्रमांकाच्या रेकॉर्डपेक्षा मोठं वाटतं.

---

जुळेसोलापूर२६

मी २६ वर्षांचा. पुण्यात नोकरी, दर पंधरा दिवसांनी सोलापूर. गिटार चार वर्षं. विल्कोचे व्हिडिओ बघून वेडा झालोय. काळी टेलिकास्टर गिटार, तिच्यावर लाल पट्टी, आणि पिक (तारा छेडायची चकती) नाही! नुसत्या हाताने मारतो. मी प्रयत्न केला, दहा मिनिटांत नखं गेली. एकाच गिटारमध्ये ऱ्हिदम आणि लीड दोन्ही येतंय असं वाटतं. हे नेमकं कसं करतात? कुणी समजावेल का?

---

रेल्वेलाईन्स

बाळा, उजव्या हाताकडे बघू नकोस, डाव्याकडे बघ. उजवा हात थांबतच नाही, तो सतत वर-खाली चालू. गाणं डावा हात करतो. कॉर्ड दाबली की आवाज, बोटं जरा ढिली केली की नुसता 'चक'. तार सोडायची नाही, तारेवर बोट ठेवूनच सैल करायचं. आता हलगी आठव. जाड काठीचा घुमारा आणि बारीक काडीची तडतड, दोन्ही मिळून एक ठेका. विल्कोच्या गिटारमध्ये कॉर्ड म्हणजे जाड काठी आणि 'चक' म्हणजे बारीक काडी. मध्येच वरच्या दोन तारांवर एक तुकडा घेतो आणि लगेच ठेक्यात परत. हे त्याने पायरेट्स नावाच्या बँडच्या मिक ग्रीनकडून उचललं, तो तसं कबूलही करायचा. त्या बँडमध्ये गिटार एकच होती, त्यामुळे एका माणसाला दोघांचं काम करावं लागायचं.

मनगट सैल ठेव. कोपरातून मारलंस तर खांदा जाईल. सुरुवातीला गाणं वाजवू नकोस. एकच कॉर्ड, पाच मिनिटं, घड्याळ लावून. माझ्या उस्तादांनी मला गिव्हसनच्या गिटारवर महिनाभर हेच करायला लावलं होतं. ते रेल्वे कॉलनीत राहायचे, चर्चमध्ये वाजवायचे, आणि एक पैसा घेतला नाही.

---

ताशा_तर्री

आणि ड्रमवाल्याकडे कान ठेव. 'चक' स्नेअरवर (तडतडणाऱ्या छोट्या ड्रमवर) पडला पाहिजे. नाही पडला तर ते नुसतं घासणं.

एक आठवण लिहितो. विजापूर रोडला एका गार्डनमध्ये वाजवत होतो, साल ९४ का ९५. गाण्याच्या मध्यात लाईट गेली. जनरेटर चालू व्हायला वेळ. कीबोर्ड गेला, गिटार गेली, बेस गेला, माईक गेला. राहिलो मी आणि काँगोवाला. आम्ही थांबलो नाही. अंधारात दोघंच ठेका धरून. आणि गायक माईक खाली ठेवून टेबलांमध्ये चालत गेला आणि उघड्या गळ्याने पुढचा अंतरा म्हणायला लागला. लोकांनी काड्यापेट्या पेटवल्या. तव्यावरचा आचारी उलथनं वाजवायला लागला, तोही ठेक्यात. पाच-सहा मिनिटं असतील. लाईट आली तेव्हा सगळे त्याच ओळीवर होते. रेल्वेलाईन्स, तू होतास का त्या रात्री?

---

रेल्वेलाईन्स

होतो. गिटार बंद होती तरी माझा हात चालूच होता, ते मला लाईट आल्यावर कळलं.

---

पार्क_स्टेडियम

हे सगळं वाचून छान वाटलं. जुळेसोलापूर२६ किंवा आणखी कुणी आज सोलापुरात असं काही करणार असेल तर कामाच्या गोष्टी सांगतो, मी साऊंडच्या धंद्यात आहे.

उघड्यावर रात्री १० नंतर स्पीकर नाही. हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस, सणासुदीला, १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमच्या शनिवारच्या कार्यक्रमाला ती मिळणार नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. बंद सभागृहाचं वेगळं, आवाज बाहेर नाही गेला पाहिजे. म्हणून म्हणतो, गार्डनपेक्षा आतली खोली बघा, आणि ७ला सुरू करा.

दुसऱ्याची गाणी वाजवणार असाल तर गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस संस्थेचा परवाना लागतो. तो कार्यक्रम करणाऱ्याने किंवा हॉटेलने घ्यायचा असतो, आधीच बोलून ठेवा. अनेक जण हे शेवटच्या दिवशी बघतात आणि अडकतात.

आणि सोलापूरचं कॅलेंडर समजून घ्या. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, तेव्हा सगळं गाव होम मैदानावर. तेव्हा बारमध्ये कार्यक्रम ठेवू नका. श्रावणात हॉटेलं रिकामी. गणपती-नवरात्रात साऊंडवाले मिळत नाहीत. ऑक्टोबरची कोजागरी झाली की लोक तुळजापूरला चालत जाऊन आलेले, दमलेले असतात, त्यानंतरचे आठ दिवस सोडा. मग डिसेंबरपर्यंत उत्तम.

---

कन्नाचौक

डीजे आल्यावर काय झालं तेही लिहायला हवं. आमच्या बँडमध्ये २२ माणसं होती. वडिलांच्या काळात मिरवणुकीला २२ माणसांची सुपारी. आता एका टेम्पोवर भिंतीसारखे स्पीकर, माणूस एक. पैसा तेवढाच जातो, पण २२ घरांत जाण्याऐवजी एका घरात. मी कुणाला दोष देत नाही, त्या पोरानेही कर्ज काढून टेम्पो घेतलेला असतो. पण ट्रंपेट शिकणारं पोरगं आता कोण पाठवणार? माझे काका वारले तेव्हा त्यांचं युफोनियम वाजवणारा पूर्ण सोलापुरात एकही माणूस मिळाला नाही. ते भिंतीला टांगलंय. दिवाळीला पितांबरीने घासतो.

---

काळी_पाच

दादांनी कडवी टाकली नाहीत अजून.

आणि विल्कोचं पुढे काय झालं ते मुलाने वाचून दाखवलं. २०१३च्या सुरुवातीला जाहीर केलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि बरा होणार नाही. केमो घेतली नाही, निरोपाचे कार्यक्रम करत फिरला. 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडच्या गायकाबरोबर, रॉजर डाल्ट्रीबरोबर रेकॉर्ड केली, ती २०१४ला ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेली. आणि मग एका डॉक्टरांना, जे फोटोही काढायचे, शंका आली की हा कॅन्सर वेगळ्या प्रकारचा असावा. एप्रिल २०१४ला केंब्रिजमध्ये ऑपरेशन, तीन किलोची गाठ काढली, आणि माणूस बरा झाला. नोव्हेंबर २०२२पर्यंत जगला, वाजवत राहिला. ७५ वर्षं.

जगणार नाही म्हणून सांगितलेला माणूस वाजवायला बाहेर पडतो. मी तर धडधाकट असून वह्या ट्रंकेत ठेवल्या होत्या. कालपासून सकाळी हार्मोनियम काढलीय. आवाज खाली आलाय, काळी पाच आता जमत नाही. काळी तीनला बरं लागतंय.

---

रेल्वेलाईन्स

ताई, काळी तीनच ठेवा. गिटारला आम्ही कॅपो (पट्टी बदलायचा चिमटा) लावू.

कडवी टाकतो. शब्द बेसवाल्याचे, त्याच्या मुलीला फोन करून विचारलं, ती हो म्हणाली.

भोंगा वाजला चारचा, माय पीठ मळते,
अर्ध्या झोपेत बाप डबा बांधून निघते वेळ बघते;
तीन पाळ्यांची वस्ती, तीन वेळा जागते,
साच्यावरचं सूत तुटलं तर घरात कुणी रागवते.

भोंगा थांबला एक दिवशी, कुणी सांगितलं नाही,
माय उठली चारला तरी, चूल पेटवली नाही;
दारात डबा रिकामा, खुंटीवर सदरा,
कापूस उडायचा जिथे, तिथे उडतोय कचरा.

तिसरं कडवं होतं, त्यात वाइंडिंगच्या बायका होत्या. ते आठवत नाही.

---

ताशा_तर्री

'निघते वेळ बघते' नव्हतं बे. 'बाप डबा घेतो, गल्लीगल्लीत दार उघडते' असं काहीतरी होतं. मी त्या ओळीवर झांज मारायचो म्हणून लक्षात आहे.

---

रेल्वेलाईन्स

बरोबर! 'अर्ध्या झोपेत बाप उठतो, गल्लीत दार उघडते.' हीच ओळ. तीस वर्षांनी मिळाली. थांब, तिसऱ्या कडव्याच्या वेळी तू काय वाजवायचास?

---

ताशा_तर्री

तिथे मी थांबायचो. नुसता काँगो. 'बोटांना सूत' असं सुरू व्हायचं.

---

काळी_पाच

'बोटांना सूत बांधून मावशी मोजते पगार.' मी हे ऐकलंय. तुमच्या नंतर माझा नंबर होता एकदा त्याच हॉटेलात, मी मागे बसून चहा पीत होते.

---

कन्नाचौक

माझी आई वाइंडिंगला होती. पुढची ओळ मिळाली तर मला कळवा. आणि क्लॅरिनेट लागणार असेल तर मी येतो.

---

जुळेसोलापूर२६

काका, आमच्या जुळे सोलापूरच्या घराची गच्चीवरची खोली रिकामी आहे. आवाज बाहेर जात नाही. रविवारी सकाळी १०?

---

ताशा_तर्री

मी येतो. माळ्यावरून ड्रम काढला काल. बास ड्रम ठीक आहे, झांजा ठीक. स्नेअरचं हेड फाटलंय, उंदरांनी खाल्लं. इथे नवी पेठेत विचारलं, साईज नाही.

---

जुळेसोलापूर२६

मी शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने येतोय, पुण्यातून घेऊन येतो. किती इंची?

---

ताशा_तर्री

चौदा. कोटेड घे, पांढरं.